लघुलहरींवरचा समुद्र

२०१७ च्या डिसेंबरच्या सुरुवातीला देवगडच्या बंदरात परमुलखातल्या नौका शिरू लागल्या. बहुतेक केरळच्या, काही तमिळनाडूच्या. साठ-सत्तर नौका आणि त्यांवर नऊशेहून अधिक माणसे. ओखी चक्रीवादळातून निभावून ती सिंधुदुर्गाच्या आसऱ्याला आली होती. ही माणसे वाचली. त्याच वादळात केरळ आणि कन्याकुमारीच्या किनाऱ्यावरून गेलेली शेकडो माणसे परत आली नाहीत.

ओखी फार झपाट्याने वाढले. २९ नोव्हेंबरला ते श्रीलंकेजवळचे कमी दाबाचे क्षेत्र होते. ३० तारखेला सकाळी कन्याकुमारीच्या समुद्रात त्याचे चक्रीवादळ झाले. किनाऱ्यावर जे होते त्यांना निदान थांबवता आले. पण ज्यांना इशाऱ्याची खरी गरज होती ती माणसे केव्हाच निघून गेली होती. कन्याकुमारी जिल्ह्यातल्या तूत्तूर पट्ट्यातले मच्छीमार मुशी आणि कुपा यांच्या मागे अरबी समुद्रात आठवडेच्या आठवडे काढतात, अगदी महाराष्ट्र-गुजरातसमोरच्या खोल पाण्यापर्यंत येतात. त्यांना हाक मारायला किनाऱ्यावर कुणाकडे तेवढा लांबचा आवाज नव्हता. ही पुस्तिका त्या आवाजाविषयी आहे.

हवामानाचा अंदाज किती अचूक, यावर आपण पुष्कळ बोलतो. तो किती लांब ऐकू जातो, यावर फारसे बोलत नाही. किनारा सोडून दहा-बारा किलोमीटर गेले की मोबाइल मुका होतो. एफएम रेडिओ आणि नौकेवरचा व्हीएचएफ संच यांच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात. पृथ्वीच्या गोलाईपुढे त्यांचा इलाज चालत नाही. किनाऱ्यावरचा मनोरा आणि नौकेवरची अँटेना यांच्या उंचीप्रमाणे वीस-पंचवीस सागरी मैलांत, म्हणजे पन्नासेक किलोमीटरच्या आत, त्यांची हद्द संपते. मध्यम लहरी खाऱ्या पाण्यावरून बऱ्याच पुढे जातात. रत्नागिरी आकाशवाणीचा आवाज कोकणातल्या नौकांनी वर्षानुवर्षे ऐकला, तो याच लहरींवर. पण नौका तीन-चारशे किलोमीटर आत असेल, तर दोनच वाटा उरतात: वर उपग्रह, नाहीतर लघुलहरी (शॉर्टवेव्ह). यातल्या दुसऱ्या वाटेकडे आपल्याकडे पाठ फिरवली गेली आहे, आणि ते मला मोठे नुकसान वाटते.

इशारा तयार करणे आणि तो पोचवणे ही दोन निराळी कामे आहेत, हे ज्याने फार लवकर ओळखले त्याचे नाव रॉबर्ट फिट्झरॉय. चार्ल्स डार्विनला जगाच्या सफरीवर नेणाऱ्या ‘बीगल’ जहाजाचा हा कप्तान पुढे ब्रिटनच्या हवामान खात्याचा पहिला प्रमुख झाला. ऑक्टोबर १८५९ मध्ये वेल्सजवळच्या अँगलसी बेटाच्या खडकांवर ‘रॉयल चार्टर’ हे जहाज वादळात फुटले आणि साडेचारशेच्या आसपास माणसे बुडाली. वादळाची चाहूल देशाच्या एका टोकाला लागलेली असताना दुसऱ्या टोकाच्या जहाजाला ती मिळू नये, ही गोष्ट फिट्झरॉयच्या मनातून जाईना. तारायंत्र नुकतेच पसरले होते. फेब्रुवारी १८६१ पासून त्याने बंदरांना तारेने इशारे धाडायला सुरुवात केली. तार आली की बंदरातल्या काठीवर कापडी शंकू आणि पिंप चढवायचे, रात्री कंदील. त्याच वर्षी १ ऑगस्टला लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये पहिला हवामान अंदाज छापला गेला. टीका खूप झाली. अंदाज चुकले की हसू व्हायचे, आणि इशाऱ्यामुळे नौका बंदरात अडकून पडल्या की मालक चिडायचे. १८६५ मध्ये फिट्झरॉयने आत्महत्या केली, १८६६ मध्ये इशारे बंद झाले. मग ओरड झाली ती दर्यावर जाणाऱ्यांची. थोड्याच काळात वादळाचे इशारे परत सुरू करावे लागले.

आपल्याकडे १८६४ च्या कलकत्त्याच्या भीषण चक्रीवादळानंतर बंदरांना इशारे देण्याची पद्धत आली. १८७५ मध्ये भारतीय हवामान विभाग स्थापन झाला. बंदरातल्या बावट्यांचे क्रमांक एक ते अकरा. ‘तीन नंबरचा बावटा लागला’ हे वाक्य आजही कोकणातल्या कुठल्याही बंदरात सांगावे लागत नाही, लोक एकमेकांच्या तोंडावरच ते वाचतात. बावट्याची अडचण एकच. तो बंदरातल्या माणसाला दिसतो. जो आधीच निघून गेला त्याला तो दिसणे शक्य नाही. ती उणीव बिनतारी संदेशाने भरून काढली. आधी जहाजांवर मोर्स कळणारा माणूस बसला, मग साध्या बोलीतली वार्ता आली, आणि ट्रान्झिस्टर स्वस्त झाल्यावर ती वार्ता अगदी लहान होडीपर्यंत जाऊ शकली.

लघुलहरी इतक्या लांब कशा जातात, हे ऐकणाऱ्याने थोडे तरी समजून घ्यावे. नाहीतर संच बिघडला असे वाटून तो रात्रीत दहादा बंद करतो. सूर्याच्या किरणांनी वातावरणाचा वरचा भाग, साठ-सत्तर किलोमीटरपासून काही शे किलोमीटरपर्यंत, विद्युतभारित होतो. साधारण ३ ते ३० मेगाहर्ट्झच्या लहरी त्या थरांवरून परत खाली वळतात. असा थर असला पाहिजे हे केनेली आणि हेविसाइड या दोघांनी १९०२ मध्ये मांडले, इंग्लंडमध्ये अॅपल्टनने १९२४ मध्ये प्रयोगाने दाखवले, आणि आपल्याकडे कलकत्त्यात शिशिरकुमार मित्र यांनी या थरांच्या अभ्यासाला आयुष्य वाहिले. यातला सर्वांत खालचा थर दिवसा कमी वारंवारतेच्या लहरी गिळून टाकतो. सूर्य मावळला की तो जवळजवळ नाहीसा होतो. म्हणून दिवसा वरची वारंवारता चालते, रात्री खालची. शिवाय लहर वर जाऊन परत येते तेव्हा मधला पट्टा कोरडा राहतो: शंभर-दोनशे किलोमीटरवरचे केंद्र ऐकू येत नाही आणि दोन हजार किलोमीटरवरचे स्पष्ट येते. नवख्याला हे उलटे वाटते. समुद्रावरच्या माणसाला नेमके हेच हवे असते.

याचे आजचे सर्वांत नीटनेटके उदाहरण ऑस्ट्रेलियात आहे. तिथल्या हवामान खात्याची समुद्रासाठीची दोन लघुलहरी केंद्रे आहेत, पश्चिमेकडे विलुना आणि पूर्वेकडे चार्लव्हिल. दोन्ही गावे समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत, कोरड्या, उजाड मुलखात. लाटेचा आवाजही जिथे पोचत नाही तिथून हिंदी महासागर आणि प्रशांत महासागरावरच्या नौकांना वारा आणि लाटा सांगितल्या जातात. विलुनाचा दिवसाचा वारंवारतांचा संच ४१४९, ८११३, १२३६२ आणि १६५२८ किलोहर्ट्झ असा असतो. रात्री वरची वारंवारता गळते, २०५६ आणि ६२३० खाली येऊन बसतात. वरचा परिच्छेद ज्याने वाचला त्याला हा बदल पाहूनच कळेल की कुणीतरी सूर्याकडे बघून वेळापत्रक आखले आहे. देशातली जुनी किनारी रेडिओ व्यवस्था २००२ मध्ये बंद झाली, तेव्हा तिथल्या सरकारने मच्छीमाराला आणि छोट्या शिडाच्या नौकेला वाऱ्यावर सोडले नाही. ही दोन केंद्रे उभी केली. मोठ्या जहाजांसाठी उपग्रह होताच. लहानांसाठी हा खर्च केला गेला, आणि माझ्या मते कुठल्याही देशाच्या सागरी धोरणाची परीक्षा इथेच होते.

अमेरिकेच्या तटरक्षक दलाच्या लघुलहरी वार्तांचा आवाज यंत्राचा असतो. त्या आवाजाचे नाव ‘परफेक्ट पॉल’. आवाज सपाट आहे, पण शब्द सुटत नाहीत, आणि पहाटे तीन वाजताही तो थकत नाही. मला माणसाचा आवाज आवडतो. तरीही वेळेवर येणारे यंत्र आणि न येणारा माणूस यांत निवड करायची असेल, तर दर्यावरचा माणूस यंत्रच निवडेल, आणि ते बरोबर आहे.

ऐकण्याची सर्वांत थोर परंपरा मात्र जपानची. ती लघुलहरींवरची नव्हे, मध्यम लहरींवरची. पण तिच्याशिवाय ही प्रस्तावना पुरी होणार नाही. एनएचके या तिथल्या सार्वजनिक प्रसारण संस्थेच्या दुसऱ्या रेडिओ वाहिनीवर अनेक दशके रोज एक हवामानवार्ता लागत आली. अलीकडच्या काळात ती दुपारी चार वाजता असे, वीस मिनिटांची, दुपारी बाराच्या नोंदींची. निवेदक दक्षिणेकडच्या इशिगाकी बेटापासून सुरुवात करी: वाऱ्याची दिशा, वाऱ्याचे बळ, आकाश, हवेचा दाब, तापमान. मग नाहा, कागोशिमा असे करत वर उत्तरेला. पुढे व्लादिवोस्तोक, बुसान, शांघाय, मनिला. मग समुद्रावरच्या जहाजांनी कळवलेल्या नोंदी, आणि शेवटी खास मच्छीमारांसाठीचा भाग: कमी दाबाची केंद्रे कुठे आहेत, कुठल्या दिशेने आणि किती वेगाने सरकत आहेत, ठरावीक समदाब रेषा कुठल्या कुठल्या बिंदूंतून जाते. सारे लिहून घेता येईल अशा संथ लयीत. ऐकणारा समोर छापील कोरा नकाशा ठेवी आणि एकेका ठिकाणी खुणा करत जाई. वार्ता संपली की तो समान दाबाच्या रेषा जोडी. अर्ध्या-पाऊण तासात त्याच्यासमोर पूर्व आशियाचा हवामान नकाशा तयार, स्वतःच्या हाताने काढलेला. मच्छीमारांनी हे केले, गिर्यारोहकांनी केले, शाळेतल्या मुलांनीही केले. असे कोरे नकाशे दुकानात वहीसारखे विकत मिळत.

यात काय साधते, हे नीट पाहण्यासारखे आहे. कुणी ‘उद्या वादळ आहे’ असे सांगितले तर माणूस एक तर घाबरतो किंवा दुर्लक्ष करतो. ज्याने स्वतः तो नकाशा काढला त्याला रेषा कुठे दाटल्या आहेत ते दिसते, म्हणजे वारा कुठे जोराचा असेल ते कळते. कालच्या नकाशाशेजारी आजचा ठेवला की केंद्र कुठे सरकले तेही कळते. अंदाज त्याच्या हातात येतो. आमच्या तांडेलाकडे ढगांची, वाऱ्याच्या वळणाची, पाण्याच्या रंगाची, उधाण-भांगाची जी जाण असते ती कुठल्याही वेधशाळेहून जवळची असते, पण ती क्षितिजापाशी थांबते. क्षितिजापलीकडची बाजू वार्ता पुरवते. या दोन जाणिवा एका डोक्यात एकत्र येणे, हे ऐकण्याचे खरे फळ आहे.

टोकियोहून जेएमएच या नावाने लघुलहरींवर हवामानाचे नकाशेही प्रसारित होतात: ३६२२.५, ७७९५ आणि १३९८८.५ किलोहर्ट्झवर. कानाला ती नुसती सेकंदाला दोनदा होणारी करकर वाटते. संगणकाला किंवा मोबाइलला ती ऐकवली की पडद्यावर ओळीओळीने समुद्र उमटू लागतो. ज्यांना जपानी येत नाही त्यांनाही हा नकाशा वाचता येतो. कोकणात घरबसल्या ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांना मी हीच वाट सुचवीन.

आता स्पेनची गोष्ट. ऑक्टोबर २०१४ मध्ये स्पेनच्या सरकारी रेडिओने आपली परदेशांसाठीची लघुलहरी सेवा बंद केली. इंटरनेट आहे, उपग्रह आहे, लघुलहरी ऐकतो कोण, असा तो सर्वत्र होणारा हिशेब. उत्तर आले ते खोल समुद्रातून. जगभरच्या पाण्यांत महिनोन् महिने मासेमारी करणाऱ्या स्पॅनिश नौकांवरच्या खलाशांकडे मायदेशाचा आवाज पोचवणारे दुसरे साधन नव्हते. त्यांनी तक्रार केली, त्यांच्या बाजूने इतर बोलले, आणि त्याच वर्षी डिसेंबरात, दिवसाला काही तासच का होईना, प्रसारण परत सुरू झाले. १८६६ आणि २०१४ यांच्यामध्ये सुमारे दीडशे वर्षांचे अंतर आहे; प्रसंग जवळजवळ तोच. ऐकणारा मच्छीमार पत्र लिहीत नाही, श्रोत्यांच्या मोजणीत येत नाही, त्याच्यासाठी जाहिरातदार नसतो. तो आहे हे प्रसारण थांबल्यावरच कळते. आपल्या देशात प्रादेशिक भाषांतली लघुलहरी प्रसारणे एकामागून एक थांबली, आणि आपल्या मच्छीमाराची तक्रार ऐकू येईल अशी व्यवस्थाही नव्हती.

ऐकायला बसणाऱ्यासाठी थोडे कामाचे. बहुतेक सागरी वार्ता साध्या ट्रान्झिस्टरवर कळत नाहीत, कारण त्या एकपट्टी पद्धतीने, म्हणजे एसएसबीने, पाठवल्या जातात. साध्या संचावर निवेदकाचा आवाज बदकाच्या क्वॅकक्वॅकसारखा येतो. ही सोय असलेला टेकसनसारखा हातात मावणारा संच आणि खिडकीबाहेर बांधलेली आठ-दहा मीटर तार, एवढ्यावर काम भागते. एलईडी दिवे आणि मोबाइलचे चार्जर बंद करावेत. लघुलहरींचे आजचे सर्वांत मोठे शत्रू तेच आहेत. वेळ जागतिक प्रमाणवेळेत सांगतात, तिच्यात साडेपाच तास मिळवायचे. वाऱ्याचा वेग नॉटमध्ये येतो. एक नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर, म्हणून २५ नॉट ऐकले की ताशी ४६ किलोमीटर समजावे. समुद्र ‘रफ’ म्हणजे लाटा अडीच ते चार मीटर, ‘व्हेरी रफ’ म्हणजे चार ते सहा. हे आकडे रुक्ष वाटतील, पण मच्छीमारांना इशारा द्यायचा की नाही हे आपला हवामान विभाग अशाच आकड्यांवर ठरवतो: वारा ताशी ४५ किलोमीटरच्या वर किंवा लाटा चार मीटर नि त्याहून उंच. ऐकताना लिहून घ्यावे. न लिहिलेली वार्ता पाच मिनिटांत विरते.

आणखी एक गोष्ट कुठल्याच वेळापत्रकात नसते. वीज चमकली की तिच्या लहरी थेट रेडिओवर कडकडतात, मध्यम लहरींवर आणि लघुलहरींच्या खालच्या पट्ट्यात विशेष. मे महिन्याच्या संध्याकाळी आकाश स्वच्छ असताना संचात कडकड वाढू लागली, तर दूर कुठेतरी ढग उठले आहेत हे समजावे. कडकड दाट होत गेली, तर ते जवळ येत असण्याची शक्यता धरून आकाशाकडे लक्ष ठेवावे. एफएमच्या संचात हा आवाज गाळला जातो, मोबाइलवर तर तो नसतोच. जुन्या पद्धतीचा रेडिओ निवेदक गप्प असतानाही आकाशाची बातमी देत असतो.

लघुलहरींचे दोष मी झाकणार नाही. सूर्यावर मोठा स्फोट झाला की तास-दोन तास सारा पट्टा मुका होतो. आवाज येतो, बुडतो, परत येतो. ही वाट एकेरी आहे. संकटात सापडलेला माणूस ट्रान्झिस्टरवरून ओरडू शकत नाही. म्हणून ओखीनंतर जे झाले त्याचे मोल मला कमी वाटत नाही. हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेसाठी विकसित झालेले, उपग्रहावरून इशारे झेलणारे ‘जेमिनी’ उपकरण ऑक्टोबर २०१९ मध्ये आले. ऑगस्ट २०२४ मध्ये पालघरला नौकांवर ट्रान्सपाँडर बसवण्याच्या देशव्यापी योजनेचा आरंभ झाला. एक लाख नौकांचे उद्दिष्ट आहे, आणि त्यातून नौकेवरून किनाऱ्याला संदेशही देता येतो. हे सर्व हवेच आहे. पण उपकरण ज्या नौकेवर बसवले तिलाच ते उपयोगी, आणि ते बिघडले, बॅटरी उतरली, नोंदणी राहिली, की नौका पुन्हा एकटी. प्रसारण कुणाची नोंदणी विचारत नाही. एकदा आवाज सुटला की तो केरळच्या मोठ्या नौकेलाही मिळतो आणि हर्णैच्या दोन सिलिंडरच्या होडीलाही. त्यासाठी अवाढव्य यंत्रणाही लागत नाही. आकाशवाणीने पणजीला २५० आणि बेंगळुरूला ५०० किलोवॅटचे लघुलहरी प्रक्षेपक चालवले आहेत; अरबी समुद्रापुरत्या हवामानवार्तेला त्याच्या अंशाइतकी ताकद पुरेल.

११ नोव्हेंबर २००९ ला फयान वादळ आले तेव्हा कोकणातल्या घरांनी आपली माणसे गमावली. ते दिवस रत्नागिरी-रायगडच्या किनाऱ्यावर अजून कुणी विसरलेले नाही. मासेमारी १ ऑगस्टला उघडते आणि ३१ मेला बंद होते. या दहा महिन्यांत रोज पहाटे आणि संध्याकाळी, ठरलेल्या वेळी, ठरलेल्या वारंवारतेवर, मराठी, कोंकणी, गुजराती, कन्नड, मल्याळम आणि तमिळ या भाषांतून अरबी समुद्राची दहा-दहा मिनिटांची वार्ता, आणि वादळ असेल तेव्हा तासातासाला. एवढीच मागणी आहे. ती वाचकाने आपल्या गावच्या मच्छीमार सोसायटीच्या पुढच्या सभेत मांडावी, ठरावात लिहून घ्यावी, आणि तो ठराव मत्स्यव्यवसाय खात्याकडे, आकाशवाणीकडे आणि कुलाब्याच्या वेधशाळेकडे पाठवावा.